जुना लॅपटॉप मोडीत काढण्याआधी: नागपूरच्या नवशिक्यांसाठी

विंडोज १० ला नेहमीचे सुरक्षा-अपडेट मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं. तेव्हापासून ओळखीच्या घरोघरी एकच विषय निघतो: या लॅपटॉपचं आता करायचं काय? शेजारचे काकाजी म्हणतात भंगारात द्या. पुण्यात नोकरीला लागलेला मुलगा फोनवरून सांगतो मॅकच घ्या. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली भाची म्हणते विंडोज काढून लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाका. बर्डीवरचा दुकानदार तर सरळच बोलतो, "जुन्यात पैसे काऊन टाकून राहिले भाऊ, नवाच घेऊन जा ना." बोलतात सगळे आपुलकीनं. पण या लॅपटॉपवर तुम्ही दिवसभर काय करता, हे त्यांच्यापैकी एकानंही विचारलेलं नसतं.

माझ्या मते सगळ्यात आधी तेच विचारायला हवं. पुढे जे लिहिलंय ते ज्यांनी आजवर कॉम्प्युटरचा एक स्क्रूही काढलेला नाही त्यांच्यासाठी आहे. क्रम मात्र बदलू नका. बॅकअपच्या आधी एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) आणि कामाच्या यादीआधी विंडोज-लिनक्सचा वाद, असं झालं की हमखास फसगत होते.

पहिलं काम कागदावर

एक कोरा कागद घ्या आणि गेल्या महिन्याभरात या मशीनवर काय काय केलं ते लिहून काढा. "ऑफिसचं काम" असं मोघम नको. हिशेबाचं टॅली वापरता का? जीएसटीसाठी किंवा टेंडरसाठी डिजिटल सहीचं टोकन लावता का? बोटांचे ठसे घेणारं यंत्र जोडता का? मुलगी टायपिंगच्या सरकारी परीक्षेची तयारी करते का? प्रिंटर कोणता आहे? त्याचा मॉडेल नंबरही लिहा.

या कागदानं निम्मा निर्णय होतो. टॅली, टायपिंग परीक्षेची सॉफ्टवेअरं आणि सहीची टोकनं यांची सगळी घडी विंडोजवर बसलेली आहे. यादीत यांपैकी काही असेल तर विंडोज सोडायचा विचारच करू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. यादीत फक्त ब्राउझर, ईमेल, यूट्यूब, फोनवरचे फोटो उतरवणं, एखादा अर्ज टाइप करणं आणि वीजबिल भरणं असेल, तर तुम्हाला बरेच पर्याय मोकळे आहेत, आणि बहुतेकांची यादी अशीच निघते.

प्रिंटरकडे खास लक्ष द्या. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानापासून वकिलांच्या ऑफिसापर्यंत कॅननचा एलबीपी २९०० दिसतो. विंडोजवर तो वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतो, पण लिनक्सवर त्याचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) बसवताना नवशिक्याचा जीव मेटाकुटीला येतो. एचपीचे बहुतेक प्रिंटर मात्र लिनक्सवर जोडल्याबरोबर ओळखले जातात.

आत काय आहे ते पाहा

आता मशीन उघडायचं नाही, फक्त विचारायचं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स या भागात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क दिसतात. डिस्कखाली एचडीडी (म्हणजे हार्ड डिस्क) लिहिलंय की एसएसडी, हे बघा.

प्रोसेसरच्या नावात आय ३ किंवा आय ५ नंतर आडवी रेघ आणि पुढे आकडा असतो. ६२०० असेल तर सहावी पिढी, ८२५० असेल तर आठवी, १०११० असेल तर दहावी. विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते, एएमडीमध्ये रायझेन २००० च्या मालिकेपासून पुढे. शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप, सिक्युअर बूट, ४ जीबी रॅम (म्हणजे मेमरी) आणि डिस्कवर ६४ जीबी जागा. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे मोफत ॲप हे सगळं तपासून हो की नाही ते सांगतं. कधीकधी टीपीएम चिप असते, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेली असते. ती सुरू केली की 'नाही'चं 'हो' होतं.

नंदनवनच्या एका काकूंच्या घरी मी असाच एक लॅपटॉप पाहिला. "बंद पडला का काकू?" "नाही ना बाप्पा, चालते. पण सुरू व्हायलेच इतका वेळ लागून राहिला का माझा चहा होऊन जाते." टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसर दहा टक्क्यांवर निवांत होता आणि डिस्कसमोर शंभर टक्के, तेही काहीही न करता. हार्ड डिस्कचं मशीन असेल तर हे दृश्य तुम्हालाही दिसेल. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते आणि वाचणारी सुई प्रत्येक फाइलसाठी इकडून तिकडे सरकते. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइली मागतं, त्यामुळे सगळा वेळ सुईच्या धावपळीत जातो. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. म्हणूनच जुन्या मशीनला नवा प्रोसेसर मिळणार नसला तरी एसएसडीनं ते ओळखू येणार नाही इतकं बदलतं. नागपुरातल्या घराघरांत "जुना झाला" म्हणून कपाटात गेलेले कितीतरी लॅपटॉप या एका भागासाठी अडलेले आहेत, आणि ते पाहून मला खरोखर वाईट वाटतं.

काही मशीन मात्र वाचत नाहीत. स्वस्तातल्या काही छोट्या लॅपटॉपमध्ये ३२ जीबीची साठवण आणि २ जीबी रॅम दोन्ही बोर्डावरच सोल्डर केलेली असते. तिथे बदलण्यासारखं काही नसतं. त्यावर खर्च करू नका.

बॅकअप: इथे घाई नको

यादीचा दुसरा कागद करा. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, फोटो. टॅलीचा डेटा फोल्डर वेगळा असतो, तो विसरला जातो. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि बुकमार्क. ज्यांच्याकडे कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेल्या जुन्या फाइली आहेत त्यांनी ते फॉन्टसुद्धा उचलून ठेवावेत, कारण ते युनिकोड (कुठल्याही मशीनवर मराठी नीट दाखवणारी पद्धत) नाहीत. फॉन्ट नसला की सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांची भेळ होऊन समोर येतो. शक्य असेल तर महत्त्वाच्या फाइली आत्ताच युनिकोडमध्ये बदलून घ्या.

दोन प्रती करा: एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी पेनड्राइव्हवर किंवा गुगल ड्राइव्हवर. प्रत केल्यावर चार-दोन फोटो आणि एखादी पीडीएफ दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी फोटो काढून घ्या. ती डिस्क किती दिवस साथ देईल याचा भरवसा नसतो.

अजून एक गोष्ट, जी बहुतेक लोक वगळतात. तुमच्या विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरच्या डेटाला कुलूप लावणारी सोय) सुरू आहे का ते सेटिंग्जमध्ये बघा. असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा. बायोसमध्ये काही बदललं की मशीन ती की मागू शकतं, आणि ती नसली तर आतला डेटा कायमचा कुलूपबंद होतो.

बर्डीवर जाताना

सीताबर्डीत मोदी नंबर दोन-तीनच्या गल्ल्यांत सुटे भाग मिळतात आणि बसवूनही देतात. दोन दुकानांत भाव विचारा, कारण रॅम आणि एसएसडीचे भाव सतत वरखाली होतात. मागच्या वर्षी मित्रानं किती दिले याला काही अर्थ नसतो. लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल नंबर सोबत न्या. २०१५ ते २०१८ च्या लॅपटॉपमध्ये बहुधा अडीच इंची साटा एसएसडी बसते, नंतरच्यांत एम.२ ची बारीक पट्टी. साटाचा वेग सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास अडतो आणि एम.२ एनव्हीएमईचा त्याच्या कितीतरी पट जातो. पण जुन्या हार्ड डिस्कवरून येणाऱ्याला साटानंही पुरेसं समाधान मिळतं. जुन्या मशीनसाठी महागड्या डिस्कचा हट्ट नको, २५६ जीबी बहुतेक घरांना पुरते.

रॅम घेताना डीडीआर ३, डीडीआर ३ एल की डीडीआर ४ हे नीट बघा. खाचा वेगळ्या असतात, म्हणून ३ ची पट्टी ४ च्या जागी बसत नाही. ३ आणि ३ एल दिसायला सारख्याच, पण ३ एल १.३५ व्होल्टवर चालते, आणि तिच्याच लायक असलेल्या लॅपटॉपला १.५ व्होल्टची साधी पट्टी चालत नाही. ४ जीबी असेल तर ८ करा. १६ ची गरज ब्राउझर आणि टायपिंगवाल्याला नाही.

पक्कं बिल घ्या, त्यावर एसएसडीचा सीरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटी साधारण तीन किंवा पाच वर्षांची असते, पण बिलाशिवाय तिचा उपयोग नाही. बसवून झाल्यावर तिथेच क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवायला सांगा. त्यात डिस्क किती तास चालली ते दिसतं. कोऱ्या डिस्कचा आकडा शून्याच्या आसपास असायला हवा. शेकडो किंवा हजारो तास दिसले तर डिस्क वापरलेली आहे. आवाज न चढवता परत करा: "भाऊ, ही जुनी आहे, दुसरी द्या." बदलून देतात.

लॅपटॉप उघडला की कारागिराच्या शेजारी उभे राहा. आतला पंखा दिसेल. पंखा आणि तांब्याच्या पट्ट्यांच्या मध्ये धुळीचा राखाडी थर बसलेला असतो, चक्क नमद्यासारखा, चिमटीत धरून अख्खा उचलता येतो. तो काढायला सांगा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायला सांगा, नाहीतर हवेनं ते भन्नाट फिरतं आणि खराब होतं. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खडू झाली असेल तर नवी लावून घ्या. बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल तर ती दाबू नका, टोचू नका, त्याच दिवशी बदला.

विंडोज, लिनक्स की आणखी काही

आता वादाचा विषय. यादी समोर ठेवली की तो छोटा होतो.

मशीन विंडोज ११ ला लायक असेल तर सेटिंग्जमधून ते मोफत घ्या आणि विषय संपवा. लायक नसेल आणि टॅलीसारखं काही लागत असेल तर विंडोज १० चे वाढीव सुरक्षा-अपडेट आहेत, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मायक्रोसॉफ्ट खात्यानं साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप सुरू ठेवला तर घरगुती वापरासाठी ते पैसे न भरता मिळतात. ही सोय तात्पुरती आहे. तेवढ्या काळात नव्या मशीनसाठी पैसे बाजूला टाकावेत.

अटी चुकवून जुन्या मशीनवर विंडोज ११ चढवायच्या युक्त्या आहेत, आणि अनेकजण ते करूनही देतात. अशा मशीनला अपडेट मिळतीलच असं नाही, हे मायक्रोसॉफ्टनं स्पष्ट सांगितलेलं आहे. ज्याला बिघडलं तर स्वतः निस्तरता येत नाही त्यानं या वाटेला जाऊ नये. आणि "ॲक्टिव्हेट करून देतो, दोनशे द्या" म्हणणाऱ्याला हात जोडा. ती ॲक्टिव्हेटर सॉफ्टवेअरं बहुधा अँटिव्हायरस बंद करूनच चालतात, आणि त्याच मशीनवरून तुम्ही बँकेत लॉगिन करणार असता. गरजही नसते. विंडोज १० चं अस्सल लायसन्स मदरबोर्डाशी जोडलेलं असतं. डिस्क बदलून तीच आवृत्ती टाकली की इंटरनेटला जोडल्यावर ते आपोआप लागू होतं.

मॅकबद्दल एवढंच: स्वस्तात मिळतो म्हणून इंटेल प्रोसेसरचा जुना मॅकबुक घेऊ नका. मॅकओएस २६ ही इंटेलवर चालणारी शेवटची आवृत्ती असल्याचं ॲपलनं जाहीर केलंय. घ्यायचाच तर २०२० च्या एम १ पासून पुढचा बघा.

यादी साधी असेल तर माझं मत मिंट या लिनक्सच्याच एका प्रकाराच्या बाजूनं आहे. २००६ पासून ते चालू आहे, मोफत आहे, खालच्या कोपऱ्यात मेनू, घड्याळ, फाइली सगळं ओळखीच्या जागी असतं. मिंट २२ ला अपडेट २०२९ पर्यंत मिळणार आहेत. एमएस-सीआयटी विंडोजवर शिकलेल्या माणसाला एका संध्याकाळी सवय होते. ८ जीबी रॅम असेल तर सिनॅमन आवृत्ती घ्या, ४ असेल तर एक्सएफसीई.

आणि हे आधी बघून ठरवता येतं, त्यासाठी काहीही पुसावं लागत नाही. मिंटच्या संकेतस्थळावरून सुमारे तीन जीबीची आयएसओ फाइल (अख्ख्या मिंटची एकच फाइल) उतरवा. ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या, त्यातलं सगळं जाणार हे लक्षात ठेवा. विंडोजवर रुफस हे सॉफ्टवेअर चालवून ती फाइल पेनड्राइव्हवर चढवा. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करताना बूट मेनूचं बटण टपटप दाबत राहा: डेल आणि लेनोवोला एफ १२, एचपीला एफ ९, असूसला एस्केप. पेनड्राइव्ह निवडला की मिंट त्याच्यावरूनच चालू होतं.

या अवस्थेत तास-दोन तास बसा. वायफाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का, प्रिंटरनं एक पान काढलं का. घरातल्या सगळ्यांना दाखवा. आईला भजनं लावून बघू द्या, मुलाला अभ्यासाचा व्हिडिओ. पेनड्राइव्हवरून असल्यामुळे थोडं हळू चालेल, तो दोष मिंटचा नाही. सगळं जमलं तरच डेस्कटॉपवरचं इन्स्टॉलचं चिन्ह दाबा. तिथे एक प्रश्न येतो: पूर्ण डिस्क पुसायची की विंडोजच्या शेजारी राहायचं? नव्या कोऱ्या एसएसडीवर पहिला पर्याय निर्धास्त निवडा. जुनी डिस्क असेल तर बॅकअपचे दोन्ही ठिकाणचे फोल्डर पुन्हा उघडून पाहिल्याशिवाय पुढचं बटण दाबू नका. बसवून झालं की अपडेट मॅनेजर एकदा पूर्ण चालवा आणि टाइमशिफ्ट सुरू करा. पुढे एखाद्या अपडेटनं काही बिघडलं तर सिस्टिम मागच्या तारखेला नेता येते.

मराठी टायपिंग आत्ताच लावून घ्या

विंडोजवर भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा, मिंटवर कीबोर्डच्या लेआउटमध्ये मराठी इनस्क्रिप्ट निवडा. फोनवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय झालेल्यांना इनस्क्रिप्ट पहिल्यांदा परकं वाटतं. तरी शिका. मांडणी सरळ आहे: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. के वर क, जे वर र, एल वर त, डी वर हलन्त. दुसऱ्या, कोपऱ्यात, शेतकऱ्यांनो अशा शब्दांतला ऱ शिफ्ट धरून जे दाबलं की मिळतो, आणि ळ शिफ्ट धरून एन दाबलं की. विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीकडे हीच मांडणी आहे, त्यामुळे मशीन बदललं तरी बोटांना पुन्हा शिकावं लागत नाही. रोज एक परिच्छेद टाइप केलात तर महिनाभरात कीबोर्डकडे बघणं सुटतं.

उन्हाळा, कूलर आणि वीज

बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) दुपारी बंद खोलीही ३५ च्या खाली राहत नाही. म्हणून त्या दिवसांत जड काम सकाळी उरका. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू नका, खालची हवेची जाळी बंद होते. टेबलावर ठेवा, मागून दोन पुस्तकांनी उचला. गाडीच्या डिकीत तर नकोच.

कूलरबद्दल विशेष सांगायचं आहे, कारण नागपुरात ते जवळपास प्रत्येक घरात आहेत आणि यावर कुणी बोलत नाही. कूलरच्या ताट्यांतून येणारी हवा थंड असते तशीच ओलसरही असते, आणि कूलरच्या तोंडासमोर बसलं तर बारीक तुषारही येतात. पाणी बोअरचं असेल तर त्यातले क्षार वाळून पांढरी भुकटी होऊन सगळीकडे बसतात, लॅपटॉपच्या आतही. हवा खोलीत खेळू द्या, पण टेबल झोताच्या आडबाजूला ठेवा. होळीनंतर कूलर काढला की पहिल्या दिवशीची धूळ उडून जाऊ द्या, मग मशीन सुरू करा.

डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच, आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असं समजा. जूनच्या सुरुवातीला विजा कडाडायला लागल्या की नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढा, आणि ब्रॉडबँडची केबल तांब्याची असेल तर तीही काढा, वीज त्या वाटेनंही आत येते.

लॅपटॉप कायम चार्जरवर असतो अशा घरांनी कंपनीच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग असेल तर ती सुरू करावी. उष्णता आणि सतत शंभर टक्के चार्ज या दोन्हींनी बॅटरी लवकर म्हातारी होते.

जुनी हार्ड डिस्क

एसएसडी बसल्यावर निघालेली हार्ड डिस्क दुकानात सोडून येऊ नका, तिच्यात तुमचं सगळं असतं. चांगली असेल तर यूएसबीचं केस घ्या, तीच घरची बॅकअप डिस्क होते. खराब असेल तरी भंगारवाल्याला तशीच देऊ नका. चालत असेल तर आधी पूर्ण फॉरमॅट करा, म्हणजे क्विक फॉरमॅटची खूण काढून. चालतच नसेल तर झाकणाचे स्क्रू काढून तबकड्यांवर खोल ओरखडे पाडा. काही तबकड्या काचेच्या असतात आणि फुटतात, म्हणून डोळ्यांना चष्मा हवा. राहिलेला सांगाडा, फुगलेली बॅटरी आणि जुने चार्जर ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे द्या. बॅटरीची दोन्ही टोकं चिकटपट्टीनं झाका आणि ती वेगळ्या पिशवीत ठेवा, ओल्या-सुक्या कचऱ्याच्या गाडीत टाकू नका.